मी पाळलेले पिठ्या ढेकूण

एल्विराच्या सक्युलंटवर पांढरा कापूस दिसला तेव्हा तो पुसायचा की ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. मी ठेवला. (नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस समोर आलेली कुठलीही गोष्ट आधी ठेवून देतो.)

एल्विरा म्हणजे माझी बायको. लेकीच्या बाळंतपणाला प्वेब्लाला गेली होती. चाळीस दिवसांत येते म्हणाली होती. ते कधीच उलटले. घरात मी, रेडिओ आणि तिच्या जाड पानांच्या सक्युलंटच्या कुंड्या. एकट्यापुरता काळा घेवडा शिजवायला मला अजून जमत नव्हतं, त्यामुळे तोच घेवडा रोज माझ्याकडे बघायचा. एल्विरा रविवारी फोन करायची. पहिला प्रश्न, "झाडं कशी आहेत?" दुसरा प्रश्न नसायचा.

तर तो कापूस. आमचं गाव ओआहाका प्रांतातल्या विणकरांचं. माझी आई निवडुंगावर रंगाचे किडे पाळायची, असेच पांढऱ्या कापसात गुरफटलेले. चिरडले की लालभडक रंग निघायचा, त्यात ती लोकर रंगवायची. आई गेली आणि ते सगळं बंद पडलं. मला वाटलं, किडे आपणहून घरी परत आले. खरंच बरं वाटलं. तेवढंच घरी कोणीतरी आलं होतं.

आई करायची तशी मी ताडाच्या पानांची बोटभर घरटी विणली, त्यांत किडे ठेवले आणि प्रत्येक कुंडीत एकेक घरटं अडकवलं. मागोमाग मुंग्या आल्या. त्यांनाही मी पाहुणे समजलो.

रविवारी फोन आल्याबरोबर मी म्हणालो, "एल्विरा, झाडांवर रंगाचे किडे आलेत. मी सगळ्या कुंड्यांत पसरवले."

"सगळ्या?"

"एकही सोडली नाही."

"एक चिरड. रंग कुठला येतो?"

मी चिरडला. "पिवळट पाणी."

"रंगाचा किडा निवडुंग सोडून कुठे बसतो का रे? विणकरणीचा मुलगा ना तू? ते पिठ्या ढेकूण आहेत, फिलेमोन. रस पिऊन झाड मारतात. लोक त्यांना घालवायला जिवाचं रान करतात आणि तू त्यांना घरं बांधून दिलीस."

"आईच्या पद्धतीनं."

"सासूबाईंना मध्ये आणू नकोस. ती घरटी जाळ. कुंड्या लांब लांब ठेव. बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पान पूस. बेचक्यात बघ, पानांच्या मागे बघ, तिथेच लपतात. पाणी कमी घाल. आणि रोज मला फोनवर दाखव."

रोज. पुढचं मी काही ऐकलंच नाही.

घरात अल्कोहोल म्हणजे मेस्काल दारूची बाटली. एक बोळा झाडाला, एक घोट मला, असं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी एल्विरानं फोनवर ते बरोबर ओळखलं. "औषधाच्या दुकानातलं आण," ती म्हणाली. "घरात झिंगलेला एकच पुरे."

ते दिवस फार सुखाचे गेले. "पान वर कर. अजून. डोकं बाजूला घे, मागचं दिसत नाही." मी डोकं बाजूला घ्यायचो. बाजूला घेतलेल्या डोक्याला तिकडचं नातीचं रडणं ऐकू यायचं, लेकीची अंगाई ऐकू यायची.

एके दिवशी एल्विरा म्हणाली, "आता एकही दिसत नाही. शाबास." एवढ्या वर्षांच्या संसारातली ही पहिली शाबासकी. "माझी काळजी मिटली. आता बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत राहते इकडेच. रविवारी बोलू."

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी बोळ्यातला कापूस काढला, तिच्या लाडक्या कुंडीतल्या पानाच्या बेचक्यात चिकटवला आणि फोन लावला.

"परत आले गं."

"जवळ धर." ती बघत राहिली. "फिलेमोन, हा कापूस आहे."

"त्यांचाच."

"औषधाच्या दुकानातला."

मी कापूस काढून खिशात घातला. ती म्हणाली, "एकटं वाटतं का रे?"

"घर खायला उठतं."

"मग तसं सांगायचं."

"तू झाडांचंच विचारतेस."

"शनिवारी गावातून नासारियोचा ट्रक गालिचे घेऊन इकडे येतोय ना? त्यातून कुंड्या पाठव."

"आणि मी?"

"रस्त्यात खड्डे किती आहेत. कुंड्या कोण धरणार मग?"

असा मी प्वेब्लाला पोचलो, मांडीवर कुंडी आणि दोन्ही बगलांत एकेक. दार एल्विरानंच उघडलं. तिच्या खांद्यावर नात झोपली होती. मी पुढे पाऊल टाकलं तसा तिनं हात आडवा धरला.

"कीड लागलेल्या घरातून आलेलं थेट आत घ्यायचं नाही. थोडे दिवस वेगळं ठेवून नीट बघायचं."

"अगदी बरोबर," असं म्हणून मी कुंड्या गच्चीवर नेऊन मांडल्या. शेवटची ठेवून वळलो, तर शेजारी खाट घातलेली.

रोज सकाळी एल्विरा नातीला कडेवर घेऊन गच्चीवर येते. आधी एकेक पान उलटून बघते, मग माझी कॉलर. कुंड्या परवा आत गेल्या.