तळवलीच्या कमानीवरची यादी

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता उन्नती कोलंबीची पिशवी घेऊन घरात आली ती चप्पल न काढताच.

"केतन, गावाच्या कमानीवर काय लावलंयस तू?"

"मी? मी कशाला काय लावू?"

"तुझा फोटो आहे. गॉगल घातलेला. हात जोडलेला. वीस फुटाचा."

केतन म्हात्रेच्या हातातला चहा तिथेच थांबला. तळवलीच्या कमानीवर फ्लेक्स लागणं यात नवल काहीच नव्हतं. वाढदिवस, दहावी पास, नवीन गाडी, परदेशी सहल, कुणाचंही काहीही झालं की कमानीवर फ्लेक्स लागायचाच. पण केतनचं या वर्षात काहीच झालेलं नव्हतं. त्याने फक्त सत्तेचाळीस सिनेमे पाहिले होते.

आणि मग त्याला यादी आठवली.

केतन म्हणजे महाप्याच्या कंपनीत नोकरी आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सिनेमा, एवढाच सरळ माणूस. साहेबाच्या शिळ्या विनोदाला तो हसायचा, मित्राच्या भसाड्या गाण्याला टाळ्या वाजवायचा, पण सिनेमाच्या बाबतीत भीड ठेवायचा नाही. डिसेंबर संपत आला की वर्षाची यादी करायची, वर आवडलेले, खाली निराशा, आणि ती सगळ्या ग्रुपवर पाठवायची, हा त्याचा नेम होता. यंदा मात्र उन्नतीने बजावलं होतं, "ही यादी कुठेही टाकायची नाही. स्टेटसला नाही, ग्रुपवर नाही. माझा बाप जगायला हवा आहे मला."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिचे वडील, खारघर गावचे देवजीशेट, यांनी ऑगस्टमध्ये मोठ्या हौसेने ‘आगराचा वाघ’ नावाचा सिनेमा काढला होता आणि त्यात स्वतः इन्स्पेक्टरचं काम केलं होतं. सिनेमा एका आठवड्यात उतरला. तेव्हापासून देवजीशेट घराबाहेर पडले नव्हते. भाच्याच्या हळदीलासुद्धा ते गेले नाहीत, आणि आगरी माणूस हळदीला जात नाही म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते सांगायला डॉक्टर लागत नाही. उन्नतीने चार महिने फोनवर विनवण्या केल्या तेव्हा कुठे ते आज दुपारी एक वाजता लेकीकडे जेवायला यायला तयार झाले होते.

केतनने शब्द पाळला होता. यादी कुठेही टाकली नव्हती. फक्त आपल्यापुरती कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी म्हणून नाक्यावरच्या कुंदनला पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हे जरा नीट छापून दे. अक्षर मोठं ठेव.’ कुंदनचं दुकान फ्लेक्सचं होतं. आयुष्यात त्याच्याकडे कपाटाच्या आत लावायला कुणी काही छापून घेतलं नव्हतं.

केतन धावत कमानीपाशी पोचला तेव्हा खाली दहा-बारा माणसं माना वर करून उभी होती. फ्लेक्सवर एका बाजूला केतन, दुसऱ्या बाजूला कुंदनने आपल्या मनाने टाकलेला डरकाळी फोडणारा वाघ, वर ‘तळवलीची शान’, आणि मध्ये ती यादी, एकही शब्द न गाळता. शेवटचं कलम तर कुंदनने लाल अक्षरात घेतलं होतं:

‘वर्षातली सर्वात मोठी निराशा: आगराचा वाघ. मध्यांतरापर्यंत कथा सापडत नाही आणि मध्यांतरानंतर शोधणंही थांबतं. इन्स्पेक्टर झालेले गृहस्थ गुन्हेगाराला पकडायला आलेत की लग्नाचं आमंत्रण द्यायला, हे कळत नाही. गोळी लागल्यावर ते आधी घड्याळ बघतात, मग पडतात.’

"कसा झालाय?" मागून कुंदनचा आवाज आला. तो आनंदाने फुलून गेला होता. "आमच्या पोरीच्या, मनस्वीच्या ॲडमिशनसाठी तू चार दिवस खेपा मारल्यास ना, भावा, तवापासून मनात होतं तुझ्यासाठी कायतरी करायचं. आपल्याकडून गिफ्ट!"

आता अशा माणसावर ओरडणार कसं? केतनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुंदन, फार मस्त झालाय. आता काढ."

"काढ? कालच रात्री लावलाय!"

"माझा सासरा एक वाजता या कमानीखालून येणार आहे. लाल अक्षरात काय छापलंयस ते वाच."

कुंदनने वाचलं. छापताना त्याने वाचलं नव्हतं. फ्लेक्सवाले फक्त नावं तपासतात. "आयला," तो म्हणाला, "देवजीशेट म्हंजे तो इन्स्पेक्टर?" पुढची बातमी त्याने जरा मागे सरकून दिली. फ्लेक्स तारेने आवळला होता, आणि तो बांधणारा विपुल शिडी आणि पक्कड घेऊन कळंबोलीला दुसऱ्या कामावर गेला होता. चारच्या आत येणार नव्हता.

तोवर खाली जमलेल्या लोकांत यादीवरून वाद पेटला होता. कृष्णात रिक्षावाला मूळचा साताऱ्याकडचा. त्याने रिक्षा बाजूला घेतली होती आणि भाडं आत बसवून ठेवलं होतं.

"आवं केतनशेट, ‘रक्तसिंह भाग तीन’ निराशेत? मी पाच बार बघितला! तुमाला काय कळतंय का पिक्चरमधलं?"

"कृष्णात, नंतर बोलू."

"नंतर कशाला? गावाच्या कमानीवर लावलंय म्हंजे गावानं बोलायचं. आन ह्ये ‘पाचवा मजला, लिफ्ट बंद’ काय हाय? ह्येच्यात मारामारी किती?"

"एकही नाही."

"मग लोकं करत्यात काय?"

"जिना चढतात," केतन हताशपणे म्हणाला. रिक्षातली बाई ओरडली की तिला तो सिनेमा फार आवडला होता आणि आता रबाळे स्टेशनला सोडा.

कमानीला लागून पुतळाकाकूंचं घर होतं. काकूंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या कुणाकडून तरी यादी वरपासून वाचून घेत होत्या. पहिल्याच नावाला त्यांनी हात वर करून थांबवलं. "परत वाच." वाचणाऱ्याने परत वाचलं: ‘दोन खिडक्यांचं घर. आई गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो तो या सिनेमाला. ज्यांनी तो केला त्यांचे उपकार फिटणार नाहीत.’

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि केतनजवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माजी काशी," एवढंच त्या म्हणाल्या. काशी म्हणजे केतनची आई, काकूंची जन्माची मैत्रीण. केतनलाही भरून आलं, पण घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"काकू, तुमच्या गच्चीवर जाऊ? वरून काहीतरी सोडून हे झाकतो."

"जा रं बाला. कुलूप नाय."

कुंदनच्या दुकानात एकच जुना फ्लेक्स शिल्लक होता, गावचे पुढारी वामनशेट यांच्या गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाचा. दोघांनी तो गच्चीवरून दोऱ्या लावून खाली सोडला. वामनशेट हळूहळू उलगडत गेले आणि अर्ध्या वाटेत संपले. फ्लेक्स पुरलाच नाही. खालून मोठा हशा उसळला.

केतनने कठड्यावरून वाकून पाहिलं. आवडलेले सिनेमे सगळे झाकले गेले होते. आता वामनशेट यांचा सोन्याच्या साखळ्या घातलेला हसरा फोटो होता आणि त्यांच्या हनुवटीखाली मोठ्या अक्षरात ‘वर्षभरातल्या निराशा’.

वामनशेट स्वतः पाचव्या मिनिटाला हजर झाले. "कोनी लावला रं ह्यो? मी निराशा? गटार कोनी बांधून दिला तुमाला? व्यायामशाला कोनी आनली?"

"शेट, गैरसमज होतोय," केतन गच्चीवरूनच हात जोडून म्हणाला. "तुमचा त्या यादीशी संबंध नाही."

"मंग आवडत्यात टाक मना!"

"शेट, ती सिनेमांची यादी आहे!"

"मंग माजा फोटो कशाला?"

वामनशेट यांना मुकाट्याने परत वर ओढून घेण्यात आलं. आवडलेले सिनेमे पुन्हा दिसू लागले आणि लोकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या. केतन गच्चीवरून खाली उतरला तो नेमका पांढरी गाडी कमानीखाली थांबलेली बघायला. बारा चाळीस. चार महिने घराबाहेर न पडलेला माणूस आज वीस मिनिटं लवकर आला होता.

देवजीशेट उतरले. वाळले होते बिचारे. त्यांनी आधी गॉगलमधला जावई पाहिला, मग वाघ पाहिला, मग खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागले. उन्नती घरून धावत आली होती, ती कमानीच्या खांबाला धरून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून केतनला वाटलं, आपण सत्तेचाळीस सिनेमे पाहिले नसते तर या घराचं किती भलं झालं असतं.

देवजीशेट यांनी लाल अक्षरं दोनदा वाचली. बोट हवेत धरून, ओळ न ओळ.

"मामा," केतन म्हणाला. "चुकलं माझं. हे असं सगळ्यांसमोर..."

"मध्यांतरानंतरचं लिवलंस तू," देवजीशेट म्हणाले.

"हो, म्हणजे..."

"घड्याल बघतो ता मी शेवटच्या सीनला. शेवटच्या. तू तवर बसलेलास?"

"बसलो होतो, मामा. दोनदा."

"दोनदा?"

"पहिल्यांदा तुम्ही नेलंत तेव्हा, मध्यांतराला खुर्चीतून उठलोच नाही. मग परत एकदा एकटा गेलो. वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. तुमचा सिनेमा होता, लगेच वाईट कसं म्हणायचं?"

देवजीशेट यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण रागाने नव्हे. "दोन बस भरून मानसं नेली मी पहिल्या दिवशी. मध्यांतराला बिर्यानी ठेवली. बिर्यानी खाऊन कोन परत आत गेलाच नाय. मी दाराशी उभा होतो, मना दिसत होता सगला. आनि चार महिने जो भेटंल तो बोलतो, एक नंबर, शेट. मी इचारतो, शेवट कसा वाटला? बोलतो, शेवट तर कडक! अरं, शेवटाला मी मेलो हाय! एकानं तरी इचारला का, शेट, तुमाला मारलान कशाला?"

गर्दीतले बरेच जण या वेळी आपापल्या चपलांकडे बघत होते. वामनशेट यांना अचानक फोन आला.

"म्हनून घरात बसलो. पिच्चर पडला त्याचा दुख नाय. कोनी बघितलाच नाय, त्याचा दुख." त्यांनी पुढे होऊन केतनला घट्ट मिठी मारली. "तू बघितलास, पोरा. उपकार झाले तुजे."

केतनच्या खांद्यावर सासरे रडत होते आणि खांबाशी बायको. शेवटी तो म्हणाला, "मामा, पण घड्याळ का बघितलंत?"

"डायरेक्टरनं सांगितलेला, सूर्य बुडायच्या आत मरा," देवजीशेट नाक पुसत म्हणाले. "चल, जेवता जेवता बाकीच्या चुका सांग. सगल्या सांग."

त्या दिवशी कोलंबी दोनदा गरम करावी लागली. देवजीशेट एकेक सीन काढत होते आणि केतन एकेक चूक सांगत होता. प्रत्येक चुकीला ते मांडीवर थाप मारून "बरोबर!" म्हणत आणि भात मागून घेत. उन्नती वाढताना मध्येच हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. चारला विपुल शिडी घेऊन आला तेव्हा देवजीशेट यांनीच त्याला परत पाठवलं. फ्लेक्स आठ दिवस हलवायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. जाताना ते सांगून गेले की रविवारी गावच्या क्रिकेटच्या सामन्यांना मी येणार, आणि आता मी एकेकाला गाठून शेवट विचारणार.

शनिवारी दुपारी केतनच्या दारात चपलांचा ढीग झाला. कुंदन आला, पुतळाकाकू आल्या, कृष्णात रिक्षा लावून आला, आणि सगळ्यांच्या मागून, कुणी बघत नाही असं बघून, वामनशेट आले.

"केतन," वामनशेट दार लोटत म्हणाले, "देवजी उद्या इचारल. मध्यांतरानंतर काय होतंय ता सांगून टाक."

केतनने सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला तो जसंच्या तसं सांगत होता. पण पुतळाकाकू डोळे मोठे करून ऐकत होत्या, आणि दारातून उन्नती बघत होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर कमानीखालचे सासरे होते. मग इन्स्पेक्टरचं आपल्या गावावरचं प्रेम जरा ठळक झालं. एक गाणं गळालं. खलनायकाला कारण मिळालं. इन्स्पेक्टर बुजवलेल्या मिठागराच्या काठावर, सूर्य बुडताना, गोळी झेलून उभा राहिला आणि घड्याळाकडे न बघता पडला, तेव्हा खोलीत कुणी हाललं नाही. कृष्णातने मान खाली घातली होती. काकू हुंदके देत होत्या.

वामनशेट यांनी रुमालाने डोळे पुसले.

"येवढा भारी पिच्चर," ते केतनकडे बघून रागाने म्हणाले, "आनि तू त्याला निराशेत टाकलास?"