चाळीस तासांची करुणा

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत शारजातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या असं लक्षात आलं, की आपल्या प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकलपूर्व वर्गाच्या, मुलांमध्ये करुणा कमी पडते आहे. परदेशातल्या मेडिकल कॉलेजांनी प्रवेश-अर्जात तसा रकानाच घातला होता आणि त्यात भरायला मुलांकडे काही नव्हतं. तातडीने समिती नेमली गेली. करुणा म्हणजे काय, यावर वेळ न दवडता समितीने ती किती, हे ठरवून टाकलं. दरडोई चाळीस तास. रुग्णाच्या उशाशी बसायचं, त्याच्या भावना विचारायच्या, त्या फॉर्मवर लिहायच्या आणि तास संपला की त्याची सही घ्यायची. रुग्णाला हात लावायला सक्त मनाई होती. तो भाग पुढच्या वर्षांत होता.

त्या मुलांतली अवनी डॉक्टर होणार, हे ती बालवाडीत असतानाच घरात ठरलं होतं. तिचे बाबा हेमचंद्र रोज दुबईहून शारजाच्या ट्रॅफिकमधून घरी येत आणि आल्या आल्या विचारत, "किती तास झाले?"

"झीरो, बाबा. पेशंटच नाहीयेत."

हे खरं होतं. मुलं बासष्ट होती आणि विद्यापीठाने करार केलेल्या छोट्या हॉस्पिटलात रुग्ण होते नऊ. त्यातल्या पाच बाळंतिणींच्या नवऱ्यांनी साफ नकार दिला. तिघे बेशुद्ध होते. त्यांच्या उशाशी बसायला कुणाची हरकत नव्हती, पण त्यांना सही करता येत नव्हती. उरला महादू.

महादू गुहागरकडचा शटरिंग कारपेंटर, स्लॅबचे साचे ठोकणारा. साइटवर परांचीवरून पडला आणि उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून त्याची वाटणी सुरू झाली, दर तासाला तिघे. आधी तो हरखलाच. तीन वर्षांत त्याला कुणी 'कसा आहेस' म्हणून विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत मात्र त्याला सह्या करून करून घाम फुटला. अंकुर नावाचा हुशार मुलगा खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "अंकल, पेनबद्दल तुम्हाला काय फील होतं?"

"पाय ठणकतोय. बोटं बधिर झाली."

अंकुरने लिहिलं, 'रुग्ण मोकळेपणाने व्यक्त होतो.' मग सही घेतली, थँक्यू म्हटलं आणि गेला.

तीन वाजता अवनीची पाळी आली. बरोबरच्या दोघी कँटीनमध्ये होत्या. तिने आधीचे एकवीस फॉर्म चाळले. नवाच्या तासाला पाय दुखत होता, अकराला ठणकत होता, एकला महादू 'भावनिकदृष्ट्या अस्वस्थ' होता. तिने पायावरची चादर वर केली. बोटं सुजून जांभळी पडली होती. तिने हात लावला. गार होती.

"काका, बोटं हलवा बघू."

"हलवतोय ना, ताई," महादू म्हणाला. "हलत नाहीत काय?"

अवनी धावत सुटली. वॉर्डातल्या आशा सिस्टरला तिने हाताला धरूनच आणलं. सिस्टरने एकदा पाहिलं आणि ऑर्थोच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. प्लास्टर फोडलं, पाठोपाठ ऑपरेशनही झालं. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

शनिवारी अवनीला समितीपुढे बोलावलं. समन्वयक सायरा मॅडम प्रेमळ होत्या. त्यांनी प्रेमाने आरोप वाचले. चादर उचलली, म्हणजे तपासणी केली. हात लावला, म्हणजे उपचार केला. तीन वाजून दहा मिनिटांपासून तीन पस्तीसपर्यंत रुग्णाजवळ नव्हती, म्हणजे तो तास बाद. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे, रुग्ण आय.सी.यू.त गेल्यामुळे चाळीस मुलांच्या करुणेचं नुकसान झालं.

"मॅडम, उनका पैर कट जाता!"

"बेटा, वो मेडिकल मामला है," सायरा मॅडम म्हणाल्या. "हम यहाँ कम्पॅशन की बात कर रहे हैं."

"लेकिन इक्कीस फॉर्म में लिखा है, पैर दुख रहा है!"

"हाँ, देखा मैंने. बहुत अच्छा लिखा है. सबको फुल मार्क्स दिये हैं."

अवनीने माफीपत्र द्यायचं ठरलं. तिने संतापाने लिहिलं, 'रुग्ण बरा होऊ लागल्यामुळे सहाध्यायांची जी गैरसोय झाली, तिच्याबद्दल मी दिलगीर आहे.' समितीला मजकूर इतका पसंत पडला, की पुढे तोच छापील नमुना झाला. त्या वर्षीचं करुणा-पदक अंकुरला मिळालं, महादूच्या पायावरच्या निबंधासाठी.

माफीपत्र दिल्यानंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अवनी हॉस्पिटलात गेली. महादूने तिला एकेक बोट हलवून दाखवलं, करंगळीसकट. मग उशाशी पेन शोधत म्हणाला, "ताई, फॉर्म द्या. सही करतो."

"फॉर्म नाही आणला, काका."

"मग कशाला आलात?" त्याने मनापासून विचारलं. अवनीला हसू आलं आणि डोळे भरून आले.

शेजारी आशा सिस्टर ड्रेसिंग बदलत होती. तिच्या हातांकडे अवनी बराच वेळ बघत राहिली. महिन्याभराने तिने प्री-मेड सोडलं आणि नर्सिंगला नाव घातलं. आई विभावरी म्हणाली, "नर्स? मी लोकांना काय सांगू?"

"सांग, पेशंटला हात लावते म्हणून."

"हे असलं सांगतात होय!"

पुढच्या वर्षी मराठी मंडळाने अंकुरचं मार्गदर्शन ठेवलं, 'प्रवेशासाठी करुणा : पूर्वतयारी आणि नियोजन'. हॉल गच्च भरला होता. ड्यूटीवरून परस्पर आलेली अवनी गणवेशातच मागे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. एका बाईंनी तेवढं तिच्याकडून बीपी तपासून घेतलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा तिसऱ्या रांगेतून पहिला हात वर आला. शेजारी मुलगा, मांडीवर वही.

"आमचा आठवीत आहे," त्या पालकांनी विचारलं. "चाळीस तास सुट्टीत एकदम उरकून घेता येतील का?"

प्रश्न चांगला होता, अंकुरनेही तसं म्हटलं. तुम्ही उत्तर लिहून घेतलंत ना?