अनोळखी डिस्प्ले

"दहा मिनिटं! ताई, घड्याळ लाव. अकराव्या मिनिटाला ही स्क्रीन बोलली नाही, तर नाव बदलून टाकीन!"

सकाळी नऊ वाजता स्केलभाऊनं ही गर्जना केली तेव्हा ऑफिसात तिघंच होते. एक तो स्वतः. दुसरी त्याची थोरली बहीण, म्हणजे या नकाशांच्या ऑफिसची मालकीण. आणि तिसरे काका. ते या दोघांच्या वडिलांच्या वेळेपासून इथं पेन्सिलीनं नकाशे काढत होते आणि कॉम्प्युटरकडे मांजर आंघोळीच्या बादलीकडे बघतं तसं बघायचे. नाव बदलायची धमकी कुणीच मनावर घेतली नाही, कारण त्याचं खरं नाव तसंही कुणाच्या तोंडी नव्हतं. शर्टाच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी, म्हणून तो स्केलभाऊ.

अकरा वाजता दातांच्या डॉक्टरबाई यायच्या होत्या. खाली दवाखाना, वर घर, असा त्यांच्या इमारतीचा नकाशा स्केलभाऊनं काढला होता आणि तो त्यांना नव्या सत्तावीस इंची मॉनिटरवर दाखवायचा होता. काम एवढंच! पण मॉनिटर लागणार होता लिनक्स नावाच्या नव्या सिस्टिमवर, आणि लिनक्स म्हटलं की ताईच्या कपाळावर आठ्या पडत. तीन महिन्यांपूर्वी जुनी सिस्टिम ऐन कामात स्वतःलाच अपडेट करत बसली होती आणि उठली तेव्हा अर्धा नकाशा गायब होता. त्याच दुपारी स्केलभाऊनं ती मुळासकट उपटली आणि लिनक्स बसवलं. ताईला न विचारता!

वीस वर्षं बहिणीच्या हाताखाली काढलेल्या माणसाचा हा पहिला स्वतंत्र निर्णय. खिडकीला कुठला पडदा, चहात साखर किती, पंखा एकवर की तीनवर, सगळं ताई ठरवायची. कॉम्प्युटर तेवढा त्याचा. म्हणून त्याचा त्याच्यावर जीव होता.

"हे बघ," ताई म्हणाली, "अकरापर्यंत नीट दिसलं नाही, तर दुरुस्तीवाल्याला फोन करणार आणि जुनी सिस्टिम परत बसवणार. मग कुरकुर चालणार नाही."

"तुला त्या दुरुस्तीवाल्याचा नंबर विसरायला लावतो की नाही बघ!"

स्केलभाऊनं मॉनिटर खोक्यातून काढला, जुनीच केबल मधे एक जोडतुकडा लावून त्याला जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. पण काय उजळली! अक्षरं सुजलेली, खिडक्या फुगलेल्या. वरच्या मजल्यावरचं गोल जेवणाचं टेबल अंड्यासारखं दिसत होतं.

"टेबल लांबट केलंस का?" काकांनी विचारलं.

"टेबल गोलच आहे, काका! मॉनिटरची ओळख पटली नाहीये त्याला, म्हणून." आणि खरंच, सेटिंगमध्ये लिहिलं होतं, 'अनोळखी डिस्प्ले'. खाली रिझोल्यूशनची यादी होती आणि त्या यादीत दोनच आकडे. दोन्ही तोकडे.

"एवढा मोठा समोर बसलाय आणि ओळखत नाही?" काका म्हणाले. "आमच्या थोरल्या जावयासारखंच झालं की!"

स्केलभाऊनं इंटरनेटवर शोधलं. तिथं कुणा सज्जनानं लिहिलं होतं की यादीत हवा तो आकडा नसेल, तर रुंदी आणि उंची स्वतः टाकावी. स्केलभाऊचा चेहरा खुलला. मोजमाप! अहो, हे तर त्याचं हक्काचं रान. खिशातून पट्टी निघाली. ती मॉनिटरवर इकडून लागली, तिकडून लागली, चष्मा वर गेला, एक डोळा बारीक झाला. रुंदी पाचशे सत्त्याण्णव मिलिमीटर. उंची तीनशे छत्तीस.

"खोक्यावर काहीतरी छापलंय बघ," ताई म्हणाली. "दोन हजार पाचशे साठ..."

"खोक्यावर काहीही छापतात! मी दुसऱ्याच्या मापावर भिंत उभी केलीय का कधी?"

त्यानं पाचशे सत्त्याण्णव आणि तीनशे छत्तीस असे आकडे ठोकले. कॉम्प्युटर पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके मागत होता आणि हा पठ्ठ्या मिलिमीटर देत होता! शिवाय रोज रोजची कटकट नको, म्हणून तीच आज्ञा त्यानं कॉम्प्युटर सुरू होतानाच्या फायलीतही लिहून ठेवली. मग ऐटीत एंटर दाबलं.

स्क्रीन काळी झाली. काळ्या स्क्रीनवर एक छोटी पाटी इकडून तिकडे फिरू लागली. 'मर्यादेबाहेर'.

"खरं बोलतोय बिचारा," काका म्हणाले.

स्केलभाऊनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा काळोख, पुन्हा पाटी. पुन्हा बंद, पुन्हा चालू. का बरं सुधारेल? सुरुवातीच्या फायलीत आज्ञा लिहून त्यानं स्वतःच बंदोबस्त पक्का केला होता!

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते. "लावू फोन?"

"अजिबात नाही! माझा हात मोडला तरी चालेल, पण दुरुस्तीवाल्याचा हात या कॉम्प्युटरला लागणार नाही!"

त्यानं कपाटावरचा जुना छोटा मॉनिटर खाली काढला आणि शेजारी जोडला. छोट्या स्क्रीनवर नुसता निळा पडदा आला. ना खिडकी, ना चित्र. कॉम्प्युटरनं काळ्या मॉनिटरलाच मुख्य मानलं होतं आणि जे उघडेल ते इमानेइतबारे तिकडे, काळोखात उघडत होतं. माऊसचा बाणही डावीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"गेला कुठं?" म्हणत काकांनी मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं.

"मागे नाही हो, काका! त्या काळ्यात गेलाय."

"मग हाक मार."

अर्धा तास बोटं झिजवल्यावर स्केलभाऊनं कीबोर्डवरूनच सेटिंगची खिडकी ओढून छोट्या स्क्रीनवर आणली. फायलीतली ती करंटी आज्ञाही पुसली. इथं शहाणा माणूस थांबला असता. पण विजय जवळ दिसला की स्केलभाऊचा हात शिवशिवतो. तो सेटिंगच्या चित्रातली काळी स्क्रीन उजवीकडे सरकवायला गेला आणि त्यानं भलत्याच ठिकाणी टिचकी मारली. छोट्या स्क्रीनवरचं सगळं चित्र नव्वद अंशांत वळून आडवं झालं. मधोमध आडव्या अक्षरांत प्रश्न उगवला, 'बदल ठेवायचा का? पंधरा सेकंदांत उत्तर न दिल्यास पूर्ववत होईल.'

"नाही म्हण!" ताई ओरडली.

"गप्प बस, आपोआप जाईल ते!" काका ओरडले.

दोघांनी एकदम हुकूम सोडला, आणि तिथंच घात झाला. वीस वर्षांचा हुकूमशाहीविरोधी संताप स्केलभाऊच्या डोक्यात चढला. "इथं काय ठेवायचं ते मी ठरवणार!" असं म्हणून त्यानं 'ठेवा' दाबलं.

मग करणार काय? मॉनिटरच आडवा टाकला. तो तसा राहीना, म्हणून तिघांनी माना खांद्यावर टाकल्या. माऊस वर ढकलला की बाण डावीकडे, डावीकडे ढकलला की खाली. "वर! अहो वर, म्हणजे डावीकडे!" असा गलका चालू असताना दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. पंधरा मिनिटं आधीच!

"तिघांनाही एकदम मानेचा त्रास?" त्यांनी काळजीनं विचारलं. "मी दातांची आहे, पण माझ्या ओळखीत आहेत एक."

ताईची मान सरळ झाली. चेहरा लाल झाला. तिनं एका हातानं फोन उचलला आणि भावाकडे न बघता ती म्हणाली, "बसा डॉक्टरबाई. काका, तुमचा पेन्सिलीचा कच्चा नकाशा काढा. कागदावरच दाखवू. आणि मी त्या दुरुस्तीवाल्याला..."

स्केलभाऊनं माऊस सोडला. गेलं! आता पुन्हा अपडेट, पुन्हा गिळलेले नकाशे, आणि पुढची वीस वर्षं 'सांगत होते मी' ऐकणं.

काकांनी कोपऱ्यातली नकाशाची गुंडाळी आणली. गुंडाळीला एक जाड, काळी, चकचकीत दोरी बांधलेली होती. दोरीच्या दोन्ही टोकांना प्लग होते.

"काका! ही कुठून आणलीत?"

"तुझ्याच खोक्यात होती. छान मजबूत आहे. फुकट जाऊ नये म्हणून घेतली."

"अहो, मॉनिटरची केबल आहे ती!"

"मग तसं लिहायचं ना तिच्यावर!"

स्केलभाऊनं गुंडाळीवर झडप घातली. गाठ सुटेना, ती त्यानं दातांनी सोडवली, तेव्हा डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. जुनी केबल, जोडतुकडा, छोटा मॉनिटर, सगळं उपटून फेकलं आणि नवी केबल लावली. क्षणभर अंधार. आणि मग! सेटिंगमध्ये 'अनोळखी डिस्प्ले'च्या जागी मॉनिटरचं पूर्ण नाव, मॉडेल नंबरासकट. दोन हजार पाचशे साठ गुणिले चौदाशे चाळीस! न मागता, न मोजता! जेवणाचं टेबल बांगडीसारखं गोल. रेघ न् रेघ सुईनं काढल्यासारखी.

ताईनं फोन खाली ठेवला. "छान दिसतंय रे," ती हळूच म्हणाली. वीस वर्षांत हे वाक्य प्रथमच आलं होतं. स्केलभाऊ दोन इंच उंच झाला. मोजलं असतं तर नक्की तेवढंच भरलं असतं.

"आजवर छोट्या स्क्रीनवर एकेक खोली मोठी करून आखत होतो," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "अख्खा मजला असा एका नजरेत आज पहिल्यांदाच दिसतोय. बघा, अगदी बारीक नजरेनं बघा!"

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. दातातली कीड शोधणारी नजर ती. वेटिंग रूमवरून फिरली, खुर्च्यांवरून फिरली आणि कोपऱ्यात येऊन थांबली.

"हे पेशंटचं टॉयलेट ना?"

"हो! टाइल्सची रेघसुद्धा दिसतेय की नाही?"

"दिसतेय ना. पण याला दार कुठंय?"

सगळे पुढे वाकले. चार भिंती होत्या. चारही अखंड, सरळ, अतिशय स्पष्ट.

काकांनी आपला कागद टेबलावर उलगडला आणि पेन्सिलीनं काढलेल्या दारावर बोट ठेवलं. ताईनं फोनकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" स्केलभाऊ गरजला. "जुन्या सिस्टिमवर दिसलं असतं का, दार नाही ते?"