मोठी घे, पिल्वी

कॉफीच्या यंत्राने शेवटची गुरगुर केली आणि पिल्वीच्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

"झाली," आर्वोकाका म्हणाले. येऊन अर्धा तास झाला होता. त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

शेजारच्या ताइस्तोने मान हलवली. पिल्वीने कप भरले, वेलदोड्याचे पाव पुढे सरकवले आणि वाट बघत बसली. हे दोघे मूसच्या, म्हणजे घोड्याहून थोराड अशा हरणाच्या, शिकारीला जाणाऱ्या टोळीतले सर्वांत जुने, आणि काका तर टोळीचे म्होरके. ज्या कामासाठी ते आले होते ते दुसऱ्या कपाच्या तळाशी होतं. तिथवर पोचल्याशिवाय ते वर येणार नव्हतं.

दुसरा कप संपला.

"नऊ नंबर," काका म्हणाले.

नऊ नंबर म्हणजे दलदलीच्या काठची, वाकड्या पाइनखालची जागा. पिल्वीचे वडील, तौनो, तीस शरद तिथे मूसची वाट बघत बसले. ते गेले त्या वर्षी टोळीने ती जागा रिकामी ठेवली. ठराव कोणी केला नाही. फक्त तिथे कोणी बसलं नाही.

"एक वर्ष ठेवली," काका म्हणाले. "पण रिकाम्या जागेतून मूस निसटतं, पोरी. यंदा कोणीतरी लागेल."

"मी बसते."

दोघांनी कॉफीत पाहिलं.

"नेमबाजीची परीक्षा?" ताइस्तोने विचारलं.

"जूनमध्ये देते."

"बंदूक?"

इथे घोडं अडलं होतं. वडिलांची बंदूक भावाने स्वीडनला नेली होती. पिल्वीकडे पोलिसांचा परवाना होता, पण एकाच बंदुकीचा. एकदा घेतली की परवाना संपला. म्हणून ती तालुक्याच्या गावी कायनुलाइनेनच्या दुकानात जाऊन आली होती, आणि आल्यापासून डोक्याला भुंगा लागला होता.

कायनुलाइनेनने तिला हात पुसायला लावले. मग एकेक बंदूक हातात देऊन वीसवीसदा खांद्याला लावायला लावली, आधी डोळे मिटून, मग उघडून. शिंप्याने गिऱ्हाइकाकडे बघावं तसा तो बघत होता. शेवटी म्हणाला, "साडेसहा मिलिमीटरच्या गोळीची. ही तुझ्या मापाची आहे."

"मूसला पुरेल?"

"मूस आवाजाने मरत नाही. गोळी जागेवर लागली की मरतं. आणि दणक्याला घाबरून डोळे मिटले की गोळी जागेवर लागत नाही."

एवढं बोलून तो दमल्यासारखा खुर्चीत बसला होता.

पिल्वीने हे सगळं सांगितलं. टेबलाखाली पाच वर्षांची हिल्ला मूसचं चित्र काढत होती. त्याला सहा पाय झाले तरी कोणी काही बोललं नाही.

"किंमत?" काकांनी विचारलं.

"मोठीपेक्षा सातशे युरो कमी."

काकांनी कप खाली ठेवला. "स्वस्त माल दुकानदार आपण होऊन कधी सुचवतो? खपत नसला की."

"बाई दिसली," ताइस्तो म्हणाला, "दिलं खेळणं हातात."

हे मात्र पिल्वीला लागलं.

"नऊ नंबरवर मूस झाडीतून थेट अंगावर येतं," काका म्हणाले. "आमच्या सगळ्यांच्या मोठ्या. नऊ पॉइंट तीन मिलिमीटरच्या. मोठी घे, पिल्वी."

"बाबांचीही मोठीच होती?"

काका आणि ताइस्तो दोघांनी एकदम पावाला हात घातला. "पाव चांगला झालाय," ताइस्तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस पिल्वी भांडी घासताना, हिल्लाच्या वेण्या घालताना, तिला झोपवताना मनातल्या मनात तागडी धरून होती. एका पारड्यात कायनुलाइनेन: चाळीस वर्षांचा बंदूकवाला, पण शेवटी दुकानदार. दुसऱ्यात काका आणि ताइस्तो: घरचे, आणि ज्यांच्यात आपल्याला बसायचं आहे ते. नवरा मार्कुस लाकडाच्या ट्रकवर असायचा. फोनवर म्हणाला, "मला मासे कळतात. तुला कुठली आवडली?"

"आवडायचा प्रश्न नाही रे."

"मग कसला आहे?"

हिल्ला हाक मारतेय असं सांगून तिने फोन ठेवला. ती पुन्हा दुकानात गेली.

"मोठी द्या," ती म्हणाली.

कायनुलाइनेनने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बाहेर एक मालमोटार आली, सामान उतरवून निघून गेली.

"बरं," तो म्हणाला, आणि आतून एक बंदूक घेऊन आला. "नवी कशाला घेतेस? ही जुनी आहे. फारशी वापरलेली नाही."

"कोणाची?"

"बऱ्याच जणांची."

हे उत्तर जरा विचित्र होतं. पण तिने ते घाईघाईत पदरात घेतलं आणि बंदूक घेऊन आली.

जूनमधली परीक्षा वाळूच्या खाणीत होती. पंचाहत्तर मीटरवर कागदाचं मूस, त्याच्या छातीवर थाळीएवढं वर्तुळ, चार गोळ्या, दीड मिनिट. चारही आत लागल्या तर पास. टोळीतले सगळे आले होते. बाकावर हिल्ला पाय हलवत बसली होती.

पिल्वीने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. पुढे काय झालं ते नीटसं तिला कळलं नाही. खांद्यावर कुणीतरी दार आदळल्यासारखं झालं आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीने उजव्या भुवईवर ठोसा मारला. डोळ्यात काहीतरी गरम उतरलं. ती उरलेल्या तीन गोळ्या मारून मोकळी झाली, कारण दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट. पण त्या तिने डोळे घट्ट मिटून मारल्या. एक शिंगाला लागली. एक नंबराच्या पाटीला. दोन सापडल्या नाहीत.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले आणि ताइस्तोने खिशातला रुमाल पुढे केला.

"ऑगस्टमध्ये अजून एक आहे," काका म्हणाले. "शेवटची."

घरी हिल्लाने गोठवलेल्या मटारची पिशवी आईच्या डोळ्यावर धरली. दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. "दुखतं?" "नाही गं." "मग रडतेस का?" पिल्वीने तिला छातीशी घेतलं. परवाना संपला, नऊ नंबर गेला, आणि तोही आपल्याच हाताने घालवला, हे त्या एवढ्याशा जिवाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ती बंदूक घेऊन दुकानात गेली. कायनुलाइनेनने तिच्या भुवईवर घातलेल्या टाक्यांकडे एकदाच पाहिलं. साडेसहाची बंदूक काउंटरवर आधीच काढून ठेवलेली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या टोळीतली तू सातवी," तो म्हणाला. "ही एकच बंदूक. सगळे हिला नेतात, महिन्याभरात परत आणतात आणि साडेसहाची घेऊन जातात. घरी जाऊन काय सांगतात, ते मला माहीत नाही."

"कोण कोण?"

"दुकानातलं दुकानात राहतं." त्याने जुनी बंदूक उचलून मागे ठेवली. "पण गेलेल्या माणसाचं सांगायला हरकत नसावी. पहिला तुझा बाप."

बाबांच्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. गोठ्याचं दार लागलं, असं ते सांगत. आठ वर्षांच्या पिल्वीने त्या दाराला रागाने लाथा घातल्या होत्या, आणि बाबा बाजूला गंभीरपणे उभे राहून बघत होते.

ती दुकानातच हसायला लागली. टाके ओढले गेले तरी थांबेना. कायनुलाइनेन शांतपणे नव्या परवान्याचा अर्ज भरत राहिला.

परवाना यायला सहा आठवडे लागले. परीक्षेच्या तीन दिवस आधी आला. साडेसहाच्या बंदुकीने पिल्वीने चारही गोळ्या वर्तुळात मारल्या. तिसरीनंतर ती डोळे उघडे आहेत ना हेच तपासत होती. काकांनी कागद जवळून पाहिला, बंदूक लांबून पाहिली, आणि म्हणाले, "चालेल."

हंगामाआधीच्या रविवारी टोळी जंगलातल्या झोपडीवर जमली. रश्श्याचं पातेलं चुलीवर होतं, मुलंबाळं बरोबर आणायची रीत होती. सुरुवातीला गेलेल्यांसाठी एक मिनिट उभं राहायचं. काकांनी तौनोचं नाव घेतलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या.

पिल्वीने मान खाली घातली होती, पण नजर वर गेली. काकांच्या उजव्या भुवईवर, एरवी टोपीखाली झाकलेली, चंद्रकोर. ताइस्तोच्या. त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या दोघांच्या. दाराशी उभ्या असलेल्या पोस्टमनच्याही. पाच. तिने ओठ दाताखाली धरले. बाबा, तुम्ही इथे आहात, तिला वाटलं, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

टोप्या पुन्हा डोक्यांवर गेल्या. वाडगी भरली गेली. तेवढ्यात गावात नवे आलेले शाळामास्तर, येत्या वर्षी टोळीत यायची इच्छा असलेले, घसा खाकरून म्हणाले, "एक विचारू का? मी बंदूक बघतोय. तो दुकानदार साडेसहाची घ्या म्हणतो. स्वस्त आहे. पण मला जरा शंका येते."

चमचे थांबले. सगळे रश्श्यात बघू लागले. लाकूड तडतडलं.

"पिल्वी," काका अखेर म्हणाले, "तू सांग. तू आत्ताच घेतलीस. तुझ्या नऊ नंबरची झाडी तुला ठाऊक आहे."

तुझ्या नऊ नंबरची. आजवर या टेबलावर कोणी तिला काही विचारलं नव्हतं. आता सगळे माना वर करून तिच्याकडे बघत होते: पाच भुवया, पाच टोप्या, आणि बाकाच्या टोकाची ही जागा सगळ्यांनी सरकून तिला करून दिली होती.

"मोठी घ्या, मास्तर," पिल्वी म्हणाली. आवाज अगदी काकांसारखा निघाला. "इथली झाडी दाट आहे."

मास्तरांनी कृतज्ञतेने मान डोलावली. ताइस्तोने लोण्याची थाळी तिच्याकडे सरकवली. काकांनी स्वतः उठून तिच्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ.

तिच्या मांडीवर बसलेल्या हिल्लाने तोंडातला पाव गिळला आणि मान मागे टाकून आईकडे पाहिलं.

"आई, तुझी तर छोटी आहे ना? मग मास्तरांना मोठी घ्या का म्हणालीस?"