कंसातलं भाषण

चूक म्हणाल तर एका जाकिटाची. नंदुरबारच्या राष्ट्रीय प्रौढ साक्षरता परिषदेला साध्या शर्टावर जायचं, असं हेमकांत गुरुजींनी पंधरा दिवस आधी ठरवलं होतं. ऐन निघताना त्यांच्या मनात आलं, दिल्ली-भोपाळची माणसं येणार, मंचावर फोटो निघणार. म्हणून शर्ट उतरवून त्यांनी झब्बा आणि वर जाकीट चढवलं. त्यातून चार बीजभाषकांपैकी एकाला दिल्लीच्या अधिवेशनाला बोलावणार होते, आणि तो एक कोण याबद्दल गुरुजींच्या मनात तरी शंका नव्हती. (त्यांच्या कोरीटमध्ये निम्म्या गावाला गाडीची वेळसुद्धा सांगून झाली होती.)

“खिसा देखी ल्या,” त्यांच्या पत्नी मोहिनीबाई आतून म्हणाल्या.

“राष्ट्रीय वक्ता शे मी. आते खिसा देखत बसू?”

शर्ट बादलीत गेला. खिशातला चष्माही त्याच्यासोबत गेला.

हे गुरुजींना कळलं ते मंचावर, नाव पुकारून टाळ्या पडून गेल्यावर. चौदा पानांचं भाषण समोर, आणि पानांवर नुसत्या मुंग्या. त्यांनी अध्यक्षांचा चष्मा मागून लावून पाहिला, तर मुंग्यांचे मुंगळे झाले. पाठ म्हणावं तर ‘आदरणीय’च्या पुढची गाडी हलेना. सभागृह वाट बघत होतं. दिल्लीचे साहेब घड्याळ बघत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेत तापीबाई दिसल्या. बासष्ट वर्षांच्या, गुरुजींच्याच वर्गातल्या, नमुना म्हणून सोबत आणलेल्या. गुरुजींचं डोकं चाललं. शिकवलेली बाई गुरूचं भाषण वाचते, याहून मोठं भाषण कोणतं?

“तापीबाई, या वर. घाबरू नका. लिहिलंय ते वाचा.”

“सम्दं?”

“वर्गात मी काय सांगतो?”

“एक बी अक्षर सोडानं नही.”

“मग झालं तर.”

तापीबाईंनी पदर खोचला, ओळीखाली बोट धरलं आणि माइकात वाचायला लागल्या. “अंगठ्याची... शाई... धुतली जाते... लाज... धुतली जात नाही. कंसात, इथे टाळ्यांसाठी थांबणे.”

आणि त्या थांबल्या. सभागृहाला आधी समजेना. मग मागून कुणीतरी आज्ञा पाळली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजी लगबगीने माइकाकडे सरकले, कारण असे कंस पानोपानी होते.

“अहो, कंस सोडा,” ते कुजबुजले.

“सोडानं नही,” तापीबाईंनी त्यांनाच दटावलं आणि बोट पुढे सरकवलं. “कंसात, इथे आवाज कातर करणे. कंसात, रुमाल.”

गुरुजी त्याच क्षणी रुमालाने घाम पुसत होते. दिल्लीचे साहेब खुर्चीत वाकून वाकून हसले. तिसरं पान आलं. आता काय येणार, हे गुरुजींना आठवलं आणि त्यांनी कागदाला हात घातला. तापीबाईंनी कागद पलीकडे नेला.

“कंसात, इथे तापीबाईंना उभे करणे. फार वाचायला लावू नये, अडखळतात. सही तेवढी दाखवावी.”

एवढं मात्र त्यांनी एका दमात वाचलं. साहेब हसायचे थांबले. गुरुजींना मनापासून लाज वाटली, आणि ती कुठल्याही कंसात नव्हती.

तापीबाईंनी बोट उचललं नाही. “मी उभीच शे, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “फुढे वाचू?”

पुढची अकरा पानं लोकांनी उभं राहून ऐकली. शेवटी साहेबांनी दिल्लीचं आमंत्रण जाहीर केलं. ते तापीबाईंना होतं. सोबत एक मदतनीस आणायला परवानगी होती.

बाहेर पडताना हजेरीचं रजिस्टर पुढे आलं. तापीबाईंनी आपल्या नावापुढे ठसठशीत सही केली. गुरुजींनी अंदाजाने पेन टेकवलं.

“सर, ही अध्यक्षांची ओळ,” कारकून म्हणाला.

दुसऱ्यांदा सही चहावाल्याच्या ओळीत गेली. मागे रांग खोळंबली. तापीबाईंनी टेबलावरचं शिक्क्याचं पॅड उघडून हळूच गुरुजींपुढे सरकवलं.

“अंगठा लावा, गुरुजी. शाई शे, धुवाई जास.”