खैरनार काकांचं हिवाळी आवर्तन

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे खैरनार काका स्वेटर एकदम घालत नसत. नवरात्र संपलं की दोन दिवस तो नुसता खांद्यावर, मग एक बाही, मग दुसरी, आणि पुढे रोज एक बटण. एक बाही लोंबकळत ते गंगापूर रोडवर भाजी आणायला निघाले की मैत्रिणींसमोर मी त्यांना ओळख दाखवत नसे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी कालव्याला पाणी सोडण्यात गेली. "गेट एकदम उघडलं तर कालवा फुटतो, पोरी. अंगाचंही तसंच." म्हणून त्यांच्या घरात ऋतू हप्त्याहप्त्याने यायचा. पंखा पाचावरून चारावर यायला आठवडा लागे. उठायची वेळ रोज पाच मिनिटं उशिरा. दूधवाल्यालाही तोच हुकूम.

"काका, लय झालं," तो एकदा वैतागला. "म्हशीला घड्याळ नाय कळत."

"तिलाही पाचच मिनिटं सांग. एकदम अर्धा तास सांगशील तर बिथरेल."

हे वेळापत्रक कार्डशीटवर लिहायचं काम माझ्याकडे. "इंग्लिश मीडियमची असलीस तरी अक्षर वाचता येतं तुझं," असं त्यांचं कौतुक. मला नाही म्हणता येत नसे.

सगळी बिल्डिंग हसायची. काकू मात्र जपून हसत, कारण हसलं की दमा उसळे. थंडीच्या तोंडावर त्या दरवर्षी अंथरूण धरत. वणीच्या देवीची ओटी सहा वर्षं काका एकटेच नेत होते. काकूंना ती आपल्या पायांनी गड चढून, आपल्या हातांनी भरायची होती.

मी बारावीत असताना श्रावणात काकांनी माझ्याकडून नवी ओळ लिहून घेतली: जिना. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या, मग चार. दिवाळीत काकू थेट तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारात. "पाणी दे गं. आणि धापा टाकते म्हणून ह्यांना सांगू नकोस." त्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलंच नाही.

मार्गशीर्षात आम्ही गडावर गेलो. मी पिशवी धरायला. पायथ्याशी डोलीवाला मागे लागला.

"मावशी, बसा. तुम्हाला नाय जमायचं."

"तूच बस," काकू म्हणाल्या. "मी उचलते."

वाटेत त्या दोनदा टेकल्या. दुसऱ्यांदा डोळे मिटून इतका वेळ, की मला पाणी पुढे करायचंही सुचेना. मग पदर खोचून उठल्या आणि वर पोचल्या! ओटी भरताना त्यांनी देवीच्या नावाचा असा गजर केला, की पुढची बाई दचकून बाजूला झाली.

मी वळून पाहिलं. काका रांगेबाहेर, कठड्याला टेकून उभे होते.

"हे ठेव पिशवीत," ते म्हणाले, पण त्यांची बोटं आखडली होती. मुठीत काकूंचा दम्याचा पंप होता, घामाने ओला. पायथ्यापासून त्यांनी तो तसाच धरला होता.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटं सोडवली.