प्रतापची फोर्टी

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या प्रताप देवधरनं पिस्तुलाचं कॅलिबर ठरवायला घेतलं, तेव्हा पद्मजानं मुकाट्यानं डायनिंग टेबल रिकामं करून दिलं. फ्रिज घेतानाही नवरा असाच बसला होता. फ्रिज आला तोवर उन्हाळा संपला होता.

प्रताप युट्रेख्टजवळच्या एका नेमबाजी क्लबचा मेंबर. पळत, वळत, आडोशाआडून कागदी लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, असल्या स्पर्धांचं त्याला भलतंच वेड लागलं होतं. मास्ट्रिख्टच्या स्पर्धेसाठी क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती त्याला काहीही करून हवी होती. शनिवारी चाचणी होती. नाइन एमएम घेणार की त्याहून जाड गोळीची फोर्टी, तेवढं ठरवून ये, असं ट्रेनर हेंकनं सांगितलं होतं.

फोर्टीचा दणका मोठा, पण तिची गोळी लक्ष्याच्या कडेला लागली तरी मार्क जास्त. नाइन हातात गुमान राहते, पण कडेचे मार्क कापतात. अर्ध्या मार्कासाठी पेपर परत तपासून घेण्यात ज्याचं कॉलेज गेलं, त्याला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यानं एक्सेल शीट केली, अक्षरं चांगली मोठी करून घेतली आणि जेवायला आलेल्या श्रीनिवास आणि वीणा या मित्रमंडळींपुढे मांडली. श्रीनिवासनं आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही उडवलं नव्हतं. पण मत नाही असं कसं होईल? घ्यायचंच तर मोठं घ्यावं, हे त्यानं प्रताप टीव्ही घेत होता तेव्हाही सांगितलं होतं. वीणा म्हणाली, नाइन विकताना बरी पडेल. वादात आमटी निवली. पद्मजाला कुणी विचारलं नाही आणि तिनं आमटी परत गरम केली.

फोर्टी ठरली.

शनिवारी गाडी पद्मजानं चालवली, कारण प्रतापला वाटेत विचार करायचा होता. चाचणी सुरू झाली. क्लबच्या फोर्टीनं पहिल्याच दणक्याला त्याचं मनगट असं उडवलं, की पुढची गोळी भलतीकडेच गेली. लक्ष्यांच्या मध्ये एक पांढरं कार्ड असतं. तो म्हणे वाटेवरचा निरपराध माणूस. त्याला लागली की मार्क वजा.

"तू आत्ता एका सज्जन माणसाला मारलंस," हेंक शांतपणे म्हणाला. इथली माणसं असं काही बोलायला आडपडदा ठेवत नाहीत. मग कॉफी आली, सोबत प्रत्येकी एकच बिस्किट. प्रतापचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात हेंकनं पद्मजाला विचारलं, पाहुण्या म्हणून बघता का गोळ्या झाडून? त्यानं शेजारी उभं राहून तिच्या हातात नाइन दिली. तिनं सावकाश गोळ्या झाडल्या. सगळ्या मधोमध.

पिस्तूल परत देऊन ती प्रतापकडे वळली. "अरे, मधोमध लागली तर दोन्हींना मार्क सारखेच ना?"

"हो," प्रताप म्हणाला.

"मग तू कडेचा अभ्यास कशाला करतोयस?"

मराठी न कळताही हेंकनं मान डोलावली. कॉफी संपेपर्यंत ठरव, एक फेरी परत देतो, म्हणाला. प्रतापनं अभिमान गिळला, अर्धं बिस्किट तसंच ठेवलं आणि नाइन उचलली. सज्जन माणूस या खेपेला वाचला. बऱ्याच गोळ्या मध्यात लागल्या, उरलेल्या कडेला. जागा मिळाली, पण राखीव खेळाडूची. तरी परतीच्या वाटेवर गडी शीळ घालत होता.

संध्याकाळी त्यानं पुन्हा लॅपटॉप उघडला. आता पिस्तुलावर नेम धरायला साधी माशी ठेवावी की लाल ठिपक्याची काच बसवावी, हा प्रश्न होता. रकाने आखले आणि मग थांबला. एवढं शहाणपण शनिवारनं दिलं होतं.

"पद्मा, तुला काय वाटतं?"

कांदा चिरता चिरता तिनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"आधी चष्म्याचा नंबर तपासून घे."

त्याला ते लागलं. तरी बुधवारी जाऊन आला. नंबर दोन्ही डोळ्यांचा वाढला होता. श्रीनिवासला मात्र त्यानं एवढंच सांगितलं, की फोर्टीत काही दम नाही.